आष्ट्याची बादली

मला भित्री म्हणणारं माणूस आष्ट्यात शोधून सापडायचं नाही. आमच्या अब्बांचं, बशीर मिस्त्रींचं, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी तिथे उघड्या तारांच्या ढिगात खेळत वाढले. कॉलेजात पोरी बेडूक बघून किंचाळत बाकावर चढायच्या, तेव्हा मी तो हातात धरून "अगं, खातोय का तुला?" म्हणून त्यांनाच झापायचे. पण त्या श्रावणी सोमवारी सुभेदारांच्या मळ्यात ती बादली रिकामी दिसली आणि माझे हातपाय गार पडले. अजून ते पुरते गरम झालेले नाहीत.

आधी बेडकांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी आणि माझी मैत्रीण शिवांजली सांगलीत एकाच सरांकडे पीएच.डी. करतो. आमच्या आष्ट्याच्या काळ्या रानात पावसाळ्यात मोठा पिवळा बेडूक निघतो. तिकडे साताऱ्यात, माणच्या कोरड्या मुलखात म्हसवडला, अगदी तसाच दिसणारा बेडूक वर्षातला बहुतेक वेळ स्वतःला जमिनीत पुरून घेतो आणि पाणी पडलं की वर येतो. हे दोघे सख्खे भाऊ की लांबचे चुलते? तोंडावरून कळत नाही. त्यासाठी पेशीतली गुणसूत्रं बघावी लागतात. दोघांचीही सव्वीसच, पण म्हसवडवाल्याच्या एका जोडीचा आकार आम्हाला जरा वेगळा वाटत होता. तो खरंच वेगळा आहे की आमच्या डोळ्यांना भास होतोय, एवढ्यातच आमचा सगळा जीव अडकलेला.

गुणसूत्रं एरवी दिसत नाहीत. पेशी फुटून दोन व्हायला लागते तेव्हा ती मधोमध रांगेत येतात आणि बारीक दोऱ्यांनी दोन बाजूंना ओढली जातात. तेवढ्यात ती सुटी, स्वच्छ दिसतात. म्हणून बेडकाला कोल्चिसीन टोचायचं. ते दोरेच तयार होऊ देत नाही. पेशी तिथेच अडकते, पुढे नाही, मागे नाही. काही तासांनी बेडकाच्या हाडातली मज्जा काढायची, काचेवर पसरायची, रंगवायची, फोटो काढायचा. मग मी कात्रीने एकेक गुणसूत्र कापून मापाप्रमाणे जोड्या लावते, पोरीच्या बांगड्या लावून ठेवाव्यात तशा. हे काम मला लय आवडतं.

कोल्चिसीन म्हणजे आपल्या बांधावर कळलावी उगवते ना, लाल-पिवळ्या फुलांची, तिच्या कंदातलं विष. त्या कंदापासून गुरंसुद्धा लांब ठेवतात. त्यातून आदल्या खेपेला आमच्या काचांवर काही धड आलं नव्हतं, म्हणून या वेळी डोस मी वाढवला होता. भरपूर वाढवला होता.

शिवांजलीचे वडील ज्योतिबा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सगळा गाव त्यांना सुभेदार म्हणतो, आम्ही पोरी आण्णा. मिशी अशी की ती आधी दारातून आत यायची आणि मागून आण्णा. वनखात्याची परवानगी मिळाल्यावर मळ्यातली मोटरीची खोली त्यांनीच आम्हाला मोकळी करून दिली. बेडूक ताजाच लागतो, सांगलीपर्यंत नेईस्तोवर निम्मे दगावतात. म्हणून आम्ही म्हसवडहून आणलेले तिथेच एका बादलीत ठेवायचो आणि मळ्यात धरलेले दुसऱ्या बादलीत. झाकणावर खडूने लिहायचो, म्हसवड आणि आष्टा.

शिवांजलीची आई बनुबाई, माझी काकी. मला कधी परकं मानलं नाही. मी आले की "आली का माजी बेडूकवाली" म्हणायची आणि ज्या कपात स्वतः प्यायची त्याच कपाच्या जोडीतला कप माझ्या हातात द्यायची. फक्त मळ्यात विष आहे असं कळलं असतं तर तिने आम्हाला बादल्यांसकट हाकललं असतं. म्हणून शिवांजलीने घरात सांगून ठेवलेलं, बेडकांना गुंगीचं इंजेक्शन देतो. मीही त्यावर मान डोलावली होती.

त्या सोमवारी सकाळी आम्ही दोन्ही बादल्यांतल्या बेडकांना टोचलं. जेवायला घरी जायचं होतं. काकीने उपवासाचं केलेलं, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी आणि माझ्यासाठी म्हणून साबुदाण्याचे वडे. श्रावण सोमवार ती आण्णांनाही धरायला लावायची आणि आण्णा दिवसभर भुकेनं वैतागलेले असायचे.

"तुमी जावा गं," आण्णा म्हणाले. खोलीबाहेर बाजेवर पडले होते. "मी हाय की राखणीला. भगर खाऊन माजं पोट लागलंय पाठीला, मी काय येत न्हाई."

आम्ही गेलो. वडे हाणले. मी चार खाल्ले असतील, लाज नाही वाटत सांगायला. परत आलो तर म्हसवडची बादली जिथल्या तिथे होती. आष्ट्याच्या बादलीचं झाकण घट्ट होतं, झाकणावर दगडही होता. मी दगड उचलला, झाकण उघडलं. आत नुसतं ओलं गोणपाट.

"आण्णा, बेडकं कुठं गेली?"

"उडाली की." आण्णा बाजेवर उठून बसले. तोंडात वेलची चघळत होते. "झाकान सरकलं आनि गेली टणाटणा उसात. मी धावलो, पर कुठली सापडत्यात."

"सगळी?"

"समदी."

"आणि जाताना झाकण लावून वर दगड ठेवून गेली?"

"दगूड मी ठिवला परत," आण्णा म्हणाले आणि उसाकडे बघायला लागले.

माझ्या नाकात तेव्हाच वास भरला होता. लसूण, तिखट आणि तळलेलं काहीतरी. खोलीच्या मागे गेले तर तीन दगडांची चूल, वर राख ओढलेली, पण हात धरला तर ऊब होती. राखेनं घासलेलं पातेलं उताणं पडलेलं. आण्णा किती वेळा सांगायचे, नागालँडला पोस्टिंग असताना तिथल्या लोकांनी कसा बेडूक खायला घातला, कसा कोंबडीपेक्षा कवळा लागतो. काकी कानावर हात ठेवायची आणि आम्ही हसायचो. आपण बेडूकवाल्या, आपण हसून घेतलं, आणि त्याच माणसाच्या राखणीला भरलेली बादली ठेवून गेलो.

मी धावत पुढे आले. "आण्णा, खरं सांगा, खाल्लं का? मी कुणाला सांगत नाही. पण त्यात विष आहे."

"आगं काय बोलती तू," आण्णा हसले. "सोमवार हाय आज."

"आण्णा!"

"गुंगीचं हुतं न्हवं? मग गुंगीनं काय हुतंय."

शिवांजली पांढरीफटक पडली होती. ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "पळालीच असतील गं, मदिहा. आण्णा कशाला खोटं बोलतील?" तिला तसंच व्हायला हवं होतं. मलाही हवं होतं. पण मला ठाऊक होतं हे विष कसं वागतं. आधी काहीच करत नाही. माणूस बसतो, बोलतो, हसतो. मग उलट्या. मग वाटतं बरा झाला. आणि मग आतून एकेक गोष्ट बंद पडत जाते. त्याला उतारा नाही. जे काही करायचं ते पहिल्या काही तासांत, पोटातून ते बाहेर काढायचं. आणि हे तास असे बाजेवर बसून वेलची चघळण्यात चालले होते.

मी ओरडणार, तेवढ्यात बांधावरून काकी आली. हातात डबा. उरलेले वडे आमच्यासाठी घेऊन आली होती.

ती आण्णांच्या बाजेजवळ आली, थांबली. मग नाक वर करून इकडेतिकडे बघितलं, खोलीच्या मागे गेली आणि परत आली ती पदर तोंडाला लावून. तिने आण्णांकडे बघितलं नाही. लेकीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"मदिहा," ती म्हणाली, "माज्या रानात? सोमवारच्या दिशी?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोक्यात अशी तिडीक गेली की जीभ वळेना. मी आण्णांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी बोलतील. हा माणूस सरहद्दीवर उभा राहिलेला आहे, आता उठून सांगेल. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि मान खाली घातली.

"काकी, मी नाही..."

"मग कोन? ह्यांनी? ह्यांनी आज सोमवार धरलाय. कधी तुला वायलं ठिवलं का मी? का असं केलंस गं?" तिला रडू फुटलं.

मी खरं बोलले असते. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पण आण्णांच्या तोंडाकडे बघून मला एक गोष्ट लख्ख कळली. ही बाई इथे उभी आहे तोवर हा माणूस मेला तरी कबूल करायचा नाही. आणि तो खरंच मरेल.

"हो काकी," मी म्हणाले. "मीच केलं. मटण आणलं होतं. चुकलं माझं."

काकीने हातातला डबा खाली ठेवला आणि तोंड फिरवून बांधावरून चालायला लागली. शिवांजली माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, "जा तिच्यामागे. जा म्हणते ना!" ती गेली.

मग मी बाजेजवळ मातीत बसले आणि आण्णांचे पाय धरले. हो, पाय धरले. "आण्णा, ते कळलावीचं आहे," मी म्हणाले. "गुंगीचं नाही. आम्ही खोटं सांगितलं. कळलावीच्या कंदातलं विष आहे, आणि मी दुप्पट घातलंय."

कळलावी म्हटल्यावर आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी कंद उकरून फेकलेत आयुष्यभर. वेलची थुंकली.

"किती खाल्ली?"

"समदी."

"नुसत्या तंगड्या का?"

"काळीजबी," आण्णा म्हणाले. "कवळं हुतं." मग एकदम लहान आवाजात, "पोरी, कितपत येळ हाय?"

मी अब्बांना फोन लावला. अब्बा मोटरी ने-आण करायचा छोटा टेम्पो घेऊन दुकानातून तसेच आले. आण्णा स्वतःच्या पायांनी टेम्पोत चढले, खिडकीशी ताठ बसले, अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, गाडीचा गिअर खरखरतोय तुमच्या." मला वाटलं, माझंच चुकलं असेल, डोस अंगात भिनलाच नसेल, शिजवताना विष मेलं असेल. डिग्रजच्या अलीकडे आण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि जी उलटी सुरू झाली ती सांगलीपर्यंत थांबली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, बेडूक, औषध, किती टक्के, किती टोचलं. डॉक्टर तरुण होता. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा आण्णांच्या मिशीकडे बघितलं आणि नर्सला हाक मारून धावला. पोट धुतलं, कोळशाची पूड पाजली, सलाईन लावली. बाहेर येऊन म्हणाला, "यावर औषध नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

शिवांजली आणि काकी आल्या त्या भावकीसकट. व्हरांडा माणसांनी भरला. डॉक्टर त्यांना विषबाधा एवढंच म्हणाला. काकी मला बघून दाराशीच थबकली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हिच्या मटणानं झालंय. हिनं काय घातलं त्यांच्या पोटात, इचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. भावकीतला एक उंच माणूस हळूच अब्बांजवळ आला आणि अगदी नीट, आदबीनं म्हणाला, "चाचा, दुकान कुठं हाय तुमचं?"

अब्बांनी पत्ता सांगितला. तेवढ्याच आदबीनं सांगितला. मी शिवांजलीला ओढत जिन्याखाली नेलं.

"सांग," मी म्हटलं. "आत्ता सांग वर जाऊन. तुला माहिताय."

"मदिहा, माझ्या तोंडून नको गं." ती रडत होती. "आई कोलमडेल. आण्णा बरे झाले की तेच सांगतील. तेच सांगू देत."

"आणि नाही झाले तर?"

तिने तोंड ओढणीत लपवलं. मी तिला दोन थोबाडीत द्यायच्या बाकी ठेवल्या होत्या. वर जाऊन स्वतःच सांगते म्हटलं तर जिन्यात अब्बांनी हात धरला. "बेटा, आपण सांगून कोण ऐकणार आहे आत्ता?" ते म्हणाले. "तो माणूस जगू दे आधी. तो जगला तर सगळं आपोआप नीट होईल."

त्यानंतरचे दिवस मी मोजले नाहीत. आधी आण्णा जरा बरे वाटले, चहा मागितला. काकीने नारळ बोलला. मी एकटीच भिंतीला टेकून उभी होते, कारण मला ठाऊक होतं की आता खरं सुरू होतं. झालंही तसंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली आल्या. लघवी कमी झाली. श्वास लागायला लागला. आत सोडायचं बंद केलं आणि काचेतूनच बघावं लागायचं. मी काकीच्या नजरेआड, दुसऱ्या टोकाला उभी राहायचे. जायची हिंमत नव्हती आणि थांबायचीही.

डॉक्टरांनी आण्णांच्या हाडातली मज्जा तपासायला काढली. तपासणाऱ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "तू गुणसूत्रांचं काम करतेस ना? ये, बघ. असं मी फक्त वाचलं होतं."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फिकट जांभळ्या पेशी होत्या. त्यातल्या कितीतरी तिथेच अडकलेल्या, पुढे नाही, मागे नाही. गुणसूत्रं सुटी सुटी पसरलेली. अगदी माझ्या टेबलावर येतात तशी. इतकं सुंदर पसरलेलं मला बेडकात वर्षभर मिळालं नव्हतं. सवयीनं मी मोजायला लागले, पाच, सहा, सात, मोठी कुठली, जोडी कुठली. मग भानावर आले. ही आण्णांची आहेत. आण्णांच्या मांडीच्या हाडात, मिशीच्या मुळात, आतड्यात, सगळीकडे आत्ता हेच चाललंय आणि ते मी केलंय. म्हसवडचा कोण, आष्ट्याचा कोण, हे मला अजून सांगता आलं नव्हतं. पण त्या विषाला बेडूक आणि सुभेदार सारखेच लागले होते. मी तिथल्याच बेसिनमध्ये ओकले.

"मरतील का हो?" मी विचारलं.

"दोन-चार दिवसांत पेशी परत फुटायला लागल्या तर नाही," बाई म्हणाल्या.

त्या दोन-चार दिवसांत मी काय काय बोलले अल्लाशी ते इथे सांगत नाही. खरं सांगायचं तर आण्णांसाठी मागत होते तितकंच माझ्यासाठीही मागत होते. हा माणूस न बोलता गेला तर मी आयुष्यभर त्याची मारेकरी. अब्बांच्या दुकानासमोर संध्याकाळी दोन मोटरसायकली येऊन नुसत्याच थांबतात, असं अम्मी फोनवर म्हणाली. काही बोलत नाहीत, म्हणाली. थांबतात आणि जातात.

आणि पेशी फुटल्या. रिपोर्टात आकडा वर चढलेला बघून मी व्हरांड्यातच खाली बसले. आण्णा वाचले. हळूहळू जेवायला लागले, उठून बसायला लागले. मग एक दिवस उशी केसांनी भरली. डोक्याचे, भुवयांचे आणि मिशीचे. मिशी बोट लावलं की हातात यायची. डॉक्टर म्हणाला, हे असं होतंच, परत येईल. आण्णा आरसा मागायचे नाहीत.

घरी नेल्यावर पंधरवड्याने आण्णांनी मला बोलावणं धाडलं. अब्बा नको म्हणत होते. मी गेले. म्हटलं, आज मिटवूनच येते.

आण्णा सोप्यात पलंगावर बसले होते. मी ओळखलं नाही आधी. डोकं गुळगुळीत, तोंड लहान मुलासारखं उघडं पडलेलं. बाप मेल्यावर माणूस मिशी उतरवतो तेव्हा दिसतो तसं. शिवांजली दाराला टेकून उभी होती. काकीने चहा आणला. आण्णांना कपात, लेकीला कपात, मला काचेच्या ग्लासात. तो ग्लास मी ओळखला. ऊसतोडीच्या माणसांसाठी परसात पालथा ठेवलेला असायचा.

आण्णांनीही तो बघितला. त्यांनी स्वतःचा कप खाली ठेवला, माझ्या हातातला ग्लास घेतला आणि त्यातला चहा प्यायले. मग म्हणाले, "बनू, पोरीनं काय केलेलं न्हाई. बेडकं मी खाल्ली. मटान बिटान काय नव्हतं. माजं त्वांड ऱ्हावं म्हणून तिनं अंगावर घेतलं आनि मी घिऊ दिलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी इतके दिवस जीव मुठीत धरून राहिले होते. मी काकीकडे बघितलं. ती आता रडेल, माझे हात धरेल असं वाटलं.

काकी उभीच होती, ट्रे छातीशी धरून. "मला ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"मी मळ्यात आले तवाच. आदी तुमच्या मिशीला वास आला लसणीचा. चूल मागनं बघितली, रिकामी बादलीबी."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काकी," मी म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं? मग माझ्यावर का घातलंत?"

"तवा काय म्हाईत त्यात इख हाय ते?" काकी एकदम रडायला लागली. खरंच रडत होती. "वाटलं, सुभेदारानं श्रावणात बेडूक खाल्ला, भावकी जलमभर हसंल. तुज्या नावावर गेलं तर कोन काय म्हणनार? तुमच्यात खात्यातच."

"आणि दवाखान्यात? तेव्हा तर कळलं होतं."

"तवर त्वांडातनं गेलं हुतं गं पोरी. आनि म्हणलं, ह्ये ऱ्हायले न्हाईत तर निदान नाव तरी नीट ऱ्हाऊ दे. तू सोसलं असतंस. तू आमची शिवासारकी नाजूक न्हाईस."

मी भित्री नाही, हे मी सुरुवातीला सांगितलं. पण त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी आण्णांच्या मज्जेची काच बघतानाही वाटली नव्हती. ही बाई मला वडे तळून घालायची. आजही घालेल. मळ्यात मी तिचं ऐकून घेऊन तिला घालवलं नसतं, तर ती तिथेच उभी राहिली असती, सगळं ठाऊक असून, आणि आण्णा तिच्या डोळ्यांसमोर बाजेवर बसूनच गेले असते.

"बास!" आण्णा गरजले. उठून उभे राहिले, तोल गेला, शिवांजलीने धरलं. "भावकीला बोलीव. मिस्त्रीस्नी बी बोलीव. आत्ता समद्यांपुढं सांगतो. जवान हाय मी!"

"आता कशाला?" काकी पदराने नाक पुसत म्हणाली. "मिटलंय न्हवं समदं?"

"बोलीव म्हणतो!"

शिवांजली दाराकडे निघाली. मी आण्णांकडे बघत होते. त्यांचा हात सवयीनं वर गेला, मिशीला पीळ द्यायला. ओठावर बोटं फिरली. काही लागलं नाही. परत फिरली. त्यांनी बाहेर अंगणाकडे बघितलं, तिथे दोन-तीन माणसं रस्त्यावरून जाताना घराकडे वळून बघत होती. आण्णा हळूच पलंगावर बसले आणि डोक्यावर टॉवेल ओढून घेतला.

"शिवा, थांब," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मदिहा, जरा मिशी येऊ दे. असल्या तोंडानं लोकांपुढं नगं. मिशी आली की मी सोता सांगतो. फौजीचा शबुद हाय."

म्हसवडची बादली त्या गडबडीत मोटरीच्या खोलीतच राहिली होती. ते बेडूक कधीच मेले. या वर्षीचं काम वाया गेलं. सर म्हणतात पुढच्या पावसाळ्यात परत करू, दुसऱ्या मळ्यात. शिवांजली अजून माझ्याच टेबलावर बसते. आम्ही कात्री, डिंक, काच एवढंच बोलतो.

परवा आष्ट्याच्या बाजारात आण्णा दिसले. चार माणसांत उभे होते, काहीतरी सांगत होते, सगळे हसत होते. मिशी चांगली दाट आली आहे, पहिल्यासारखी, टोकाला पीळही दिलेला. त्यांनी मला बघितलं आणि मोठ्यानं हाक मारली, "काय बेडूकवाली, बरं हाय न्हवं?" मी थांबले. ते परत त्या माणसांकडे वळले.

सुभेदारांच्या भावकीच्या गावांतून आमच्याकडे मोटरी दुरुस्तीला येणं थांबलंय. अब्बा सकाळी दुकानाला जातात, कुलूप काढतात आणि शटर वर करण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतात. हल्ली मीही त्यांच्याबरोबर जाते आणि शटर उघडेपर्यंत तिथे उभी राहते.